सरकारी वकिलांच्या कचेरीत तीन महिने

मुलांनो,

गेल्या आठवड्यात आपण पोस्टमनकाकांच्या सायकलवर बसून गावभर हिंडलो. आज कुणाच्या मागे हिंडायचं? आज पाळी तुमच्या या वकीलमावशीची! वकील होण्याआधी मी एक नोकरी केली होती. फार मोठी नाही, आणि कायमची तर नाहीच. अवघ्या तीन महिन्यांची. सरकारी वकिलांच्या कचेरीत हंगामी कारकून!

मी मूळची कुंडलची. सांगली जिल्ह्यातलं, किर्लोस्करवाडीजवळचं कुंडल. कुस्तीच्या मैदानामुळे तुमच्यातल्या पुष्कळांना ते ऐकून माहीत असेल. ही गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. कायद्याची शेवटची परीक्षा झाली होती आणि निकाल लागायचा होता. एका तालुक्याच्या गावी कोर्टात सहायक सरकारी वकील होते. त्यांच्याकडच्या कारकूनबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. तीन महिन्यांसाठी कुणीतरी हवं होतं, आणि कुणाच्या तरी ओळखीने मी तिथे जाऊन बसले. त्या गावाचं नाव मात्र विचारू नका. खटला खऱ्या माणसांचा होता, त्यांची नावं झाकलेलीच बरी.

कचेरी म्हणजे काय, तर तुमच्या वर्गाच्या निम्म्या आकाराची एक खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, दोन लोखंडी कपाटं, आणि खिडकीच्या कठड्यापर्यंत रचलेले फाईलींचे गठ्ठे. पंखा लावला की कागद उडायचे, बंद केला की आम्ही उकडून निघायचो!

सकाळी पहिलं काम बोर्ड बघायचं. बोर्ड म्हणजे फळा नव्हे, बरं का! त्या दिवशी कोर्टापुढे कोणकोणती प्रकरणं आहेत, त्याची यादी म्हणजे बोर्ड. त्यातल्या प्रत्येक खटल्याची फाईल शोधून, धूळ झटकून, क्रमाने साहेबांच्या टेबलावर ठेवायची. आज कोणता साक्षीदार यायचा आहे, त्याला समन्स पोचलंय का, तो बाहेर बाकावर येऊन बसलाय का, हे बघायचं. बिचारी माणसं घाबरलेली असत. एक आजी तर मला म्हणाल्या, "बाई, मला आत टाकणार न्हाईत न्हवं?" मी त्यांना पाणी दिलं, कुठे उभं राहायचं ते दाखवलं आणि सांगितलं, "आजी, जे पाहिलंत तेच सांगा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा." त्यापलीकडे एक शब्दही नाही. साक्षीदाराने काय सांगावं हे त्याला पढवणं ही आमच्या कामातली सगळ्यात मोठी चूक, हे साहेबांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

आता तुम्ही विचाराल, सरकारी वकील कशाला लागतो? समजा, तुमची सायकल चोरीला गेली. तुम्ही पोलिसांत फिर्याद दिली. पोलिसांनी तपास केला, एकाला पकडलं आणि कोर्टात दोषारोपपत्र पाठवलं. पण त्या खटल्यावर नाव कुणाचं? तुमचं नाही! तिथे लिहिलेलं असतं, 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक अमुक'. चोरी एका घरी झाली तरी भीती साऱ्या गावाला वाटते, म्हणून गुन्हा हा सगळ्यांविरुद्ध झाला असं कायदा मानतो. मग सगळ्यांच्या वतीने कोर्टात कुणी उभं राहायचं? तर सरकारी वकिलाने.

सिनेमात हा सरकारी वकील टेबलावर मूठ आपटून "कडक शिक्षा झालीच पाहिजे!" असं ओरडतो. मलाही तसंच वाटायचं. आरोपी म्हणजे समोरचा संघ आणि आपण त्याला हरवायचं! हा समज माझ्या डोक्यातून कसा निघाला, ती गोष्ट आता सांगते.

एक मोटरचोरीचा खटला होता. मोटर म्हणजे विहिरीवरची, पाणी उपसायची. ऐन उन्हाळ्यात एका शेतकऱ्याची मोटर रात्रीत गेली. ऊस उभा, विहिरीत पाणी, पण ते शेतापर्यंत पोचवायचं कशाने? तुमच्यापैकी शेतकऱ्यांच्या घरच्या मुलांना त्या माणसाचं दुःख वेगळं सांगायला नको. पुढे काही दिवसांनी एका एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाजवळ पोलिसांना एक मोटर सापडली. मुलगा बीडकडचा, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेला. टोळी गावी परतली आणि हा मागे, कोठडीत. जामीन राहायला ओळखीचं कुणी नाही. म्हणून तो कच्चा कैदी म्हणून तुरुंगातच होता. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही असा. गुन्हा शाबीत होईपर्यंत कायदा त्याला निर्दोषच धरतो, पण रात्री झोपायचं मात्र गजाआडच.

दोषारोपपत्राची फाईल आली, तेव्हा तिची सूची मी केली. कोणता कागद कितव्या पानावर, कुणाचा जबाब, कोणता पंचनामा, आणि शेवटी मुद्देमाल. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यातली जप्त केलेली वस्तू. फिर्यादीत 'पाच एच.पी.ची मोटर' असं होतं. मी सूचीत लिहिलं, 'मुद्देमाल : मोटर, ५ एच.पी.' आणि पुढची फाईल ओढली. त्या दिवशी अकरा फाईली हातावेगळ्या केल्या म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

आठ दिवसांनी त्या मुलाचा जामिनाचा अर्ज आला. गरिबाला, आणि कोठडीत असलेल्या कुणालाही, सरकारतर्फे मोफत वकील मिळतो. तसा एक वकील त्याला नुकताच मिळाला होता. जामिनाच्या अर्जावर कोर्ट आधी सरकार पक्षाला विचारतं, तुमचं म्हणणं काय? ते 'म्हणणं' लेखी द्यायचं असतं. त्याचा मसुदा मी करायचा होता. ठरलेली वाक्यं मला एव्हाना पाठ झाली होती. 'आरोपी परजिल्ह्यातील आहे, पळून जाण्याची शक्यता आहे, सबब अर्जास विरोध आहे.' झालं! फक्त मोटरचा नंबर घालायचा राहिला, म्हणून मी जप्तीचा पंचनामा उघडला.

पंचनाम्यात लिहिलं होतं, मोटरवरच्या पट्टीवर '३ एच.पी.'

मी फिर्याद पुन्हा काढली. पाच. फिर्यादीला जोडलेली खरेदीची पावती बघितली. तीही पाचचीच, आणि पावतीवरचा नंबर पंचनाम्यातल्या नंबरशी जुळत नव्हता. मुलांनो, तीन एच.पी.ची मोटर काही पाच एच.पी.ची होत नाही! म्हणजे शेतकऱ्याची गेलेली मोटर वेगळी आणि या मुलाजवळ मिळालेली वेगळी. शेतकऱ्याने मोटर ओळखली होती खरी, पण चिखला-तेलाने माखलेल्या मोटरी सगळ्या सारख्याच दिसतात. त्याची लबाडी नव्हती, घाई होती. आणि माझी?

घड्याळात साडेपाच झाले होते. साहेब निघून गेले होते. मी एस.टी.त बसले, पण डोकं त्या फाईलीतच. सूची करताना मी एकच पान जास्त उलटलं असतं, तर हे आठ दिवसांपूर्वीच कळलं असतं. ते आठ दिवस कुणी काढले? मी तर घरी आईच्या हातचं गरम जेवत होते. आणि खरं सांगते, मनात एक वाईट विचारही आला. आपण हंगामी. अजून पाच आठवडे राहिलेत. आपली चूक आपणच कशाला दाखवायची? त्या मुलाचा वकील शोधेल की!

रात्री ओसरीवर आबा, म्हणजे माझे आजोबा, बसले होते. मी नाव-गाव न सांगता सगळं त्यांच्यापुढे मांडलं. आबांचं तरुणपण कुंडलमध्ये प्रतिसरकारच्या धामधुमीत गेलेलं. हा इतिहास तुम्हाला माहीत हवा. १९४२च्या 'चले जाव' नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात लोकांनी इंग्रजांना न जुमानता स्वतःचं सरकार चालवलं, १९४३ ते १९४६ असं. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग साताऱ्यातच होता. कुंडल हे या चळवळीचं एक मोठं ठाणं. जी. डी. बापू लाड इथले, तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र लाड तेही इथलेच. या सरकारने गावोगाव न्यायदान मंडळं नेमली होती. जमिनीचे, देण्याघेण्याचे, भाऊबंदकीचे तंटे लोक इंग्रजांच्या कोर्टात न नेता या मंडळांपुढे नेत. शिक्षाही कडक असत.

आबा म्हणाले, "तवा निकाल ऐकाय आम्ही घोळक्यात हुबं असायचो. समोर बसलेला मानूस कोन, त्याचा बाप कोन, रान कुठलं, बांध कुठं, सगळं सगळ्यास्नी ठावं. खोटं बोलाय गेला तर चार जन तिथंच टोकायचे." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "त्या पोराला तिथं कोन वळखतंय?"

कुणीच नाही. न्यायाधीश ओळखत नव्हते, सरकारी वकील ओळखत नव्हते, त्याचा स्वतःचा वकीलही त्याला दोनदाच भेटला होता. त्या कोर्टात त्याच्याबद्दल जे काही माहीत होतं ते तेवढ्या फाईलीत होतं. आणि ती फाईल पानन् पान वाचायची जबाबदारी ज्या थोड्या माणसांवर होती, त्यांतली एक मी.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने गेले. साहेब आल्याबरोबर फाईल पुढे ठेवली आणि सांगून टाकलं, "साहेब, सूची माझी चुकली. मी पंचनामा न वाचताच लिहिलं." तिथे बसलेले कोर्टाच्या कामावरचे हवालदार हळूच म्हणाले, "ताई, एवढं कशाला उकरायचं? बघतील की त्याचे वकील." मला वाटलं, आता साहेब माझ्यावर उखडणार. त्यांनी चष्मा लावला, तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून दोनदा वाचले आणि म्हणाले, "झाली ती झाली. आधी सूची दुरुस्त कर. खाली आजची तारीख टाक, सही कर. मग म्हणणं नव्याने लिहायला घे." आणि हवालदारांना म्हणाले, "मुद्देमालाच्या खोलीत जाऊन मोटरची पट्टी प्रत्यक्ष बघा. तासाभरात मला कळवा."

तासाने निरोप आला. पट्टीवर तीनच!

दुपारी अर्ज पुकारला गेला. मी मागच्या बाकावर होते. साहेब उठले आणि फिर्याद, पावती, पंचनामा यांतला फरक त्यांनी स्वतःहून कोर्टापुढे ठेवला. जामिनाला सरकार पक्षाची हरकत नाही, आणि या मुद्द्यावर आणखी तपास व्हायला हवा, असं सांगितलं. त्या मुलाचे वकील त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांचं अर्धं काम समोरच्या वकिलानेच केलं होतं! कोर्टाने मुलाला जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडलं. तो बाहेर व्हरांड्यात आला तेव्हा त्याला कोण पाहिजे होतं, ठाऊक आहे? कुणीच नाही. तो एस.टी. स्टँड कुठे आहे एवढंच विचारत होता.

संध्याकाळी मी साहेबांना विचारलं, "सर, आपण हरलो ना?" ते हसले. "आपलं काम कोर्टापुढे खरं काय ते ठेवायचं. शिक्षा झाली तर जिंकलो, सुटला तर हरलो, असं सरकारी वकिलाला मोजता येत नाही." पुढे वकिली करताना मला कळलं, की आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९९ साली शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या प्रकरणात हेच सांगितलंय. काहीही करून शिक्षा घडवायचीच, अशी तहान सरकारी वकिलाला असू नये. आरोपीच्या बाजूची एखादी गोष्ट असेल तर तीही त्याने लपवू नये.

आणि त्या शेतकऱ्याचं काय? मुलगा सुटला म्हणजे शेतकऱ्यावर अन्याय झाला, असं तुम्हाला वाटतंय का? नीट विचार करा. चुकीचा माणूस आत होता तोवर खऱ्या चोराला शोधायला कुणी जाणारच नव्हतं. पोलिसांच्या लेखी काम संपलं होतं. ते त्या दिवशी पुन्हा सुरू झालं.

माझे तीन महिने संपले. हंगामी माणसाला खटल्याचा शेवट क्वचितच बघायला मिळतो. पण चार-पाच महिन्यांनी कुंडलच्या पत्त्यावर साहेबांचं पोस्टकार्ड आलं. ती तीन एच.पी.ची मोटर दुसऱ्याच एका शेतकऱ्याची निघाली. त्यानेच ती मुलाजवळ रिवाइंडिंगला दिली होती, आणि दुरुस्तीवाल्यानेही तसा जबाब दिला. खटला संपला. खाली एक ओळ होती, 'नवीन कारकूनबाईंना तुमची दुरुस्त केलेली सूची दाखवतो.' ते कार्ड माझ्याकडे अजून आहे.

तुमच्यातल्या कुणाला हे काम करावंसं वाटलं तर? बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो. साताऱ्याचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज, कोल्हापूरचं शहाजी लॉ कॉलेज अशी महाविद्यालयं आपल्या भागातच आहेत. शिकत असतानाच प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे. सर्वोच्च न्यायालयात आणि मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्तींच्या हाताखाली तरुण कायदा पदवीधरांना ठरावीक मुदतीसाठी 'लॉ क्लार्क' म्हणून घेतात. सहायक सरकारी वकील व्हायचं तर राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा असते. आणि हो, आईबाबा, एक गोष्ट तुमच्यासाठी. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे कायदे आले आहेत. कलमांचे आकडे बदलले. पंचनामा वाचायचं काम मात्र आहे तसंच आहे!

हे माहीत आहे का?
कुंडल पूर्वी औंध संस्थानात होतं. याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंती नाहीत, गज नाहीत. कैदी शेती करत आणि विश्वासावर राहत. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचलेला. आईबाबांना विचारा, त्यांनी पाहिला असेल.

घरचा उद्योग
तुमच्या दप्तराचा पंचनामा करा. रंग, माप, कुठे फाटलंय, आत काय काय आहे, किती आहे, तारीख, वेळ, सगळं लिहा. खाली दोन पंचांच्या सह्या घ्या. मग वर्गातली सगळी दप्तरं एका कोपऱ्यात ठेवा आणि ज्याला तुमचं दप्तर ठाऊक नाही अशा मुलाला फक्त तो कागद वाचून ते शोधायला सांगा. त्याने दुसऱ्याचंच उचललं, तर तुमचा कागद कुठे कमी पडला ते बघा. चांगले पंचनामे मला पाठवा. पण पाठवण्याआधी एकदा, शेवटच्या ओळीपर्यंत, वाचून बघा हं!

तुमची,
वकीलमावशी